‘या’ म्हणायचं राहिलं

हा घ्या डबा, ओट्यावर ठेवलाय. चहा टाकताय? मग बसतो, आणि चहाच्या बदल्यात एक गोष्ट सांगतो. आमच्या आयसेलिनच्या दुकानाच्या दारात एकदा दोन मोठी माणसं अडकली. कशात अडकली? एका अक्षरात!

रत्नामावशी पोळ्या लाटत होती. ओक ट्री रोडला तिचं पोळीभाजीचं दुकान, पुढं दोनच टेबलं. खिडकीपाशी प्रोफेसर टॉलिव्हर मेथीची भाजी खात बसलेला, टोपी गुडघ्यावर. ऐंशीला टेकलेला काळा माणूस. पोरवयात हॉटेलात गोऱ्यांच्या शेजारी बसला म्हणून जेलात गेलेला. पुढं सगळा जन्म एकाच गोष्टीच्या मागं लागला, की आफ्रिकेतनं माणसं धरून कुठं कुठं नेली. ब्राझील, जमैका, आपलं कोकण, दख्खन. म्हणायचा, समुद्रानं घराचे तुकडे केले, पण घर एकच आहे. आफ्रिकेतनं गुलाम म्हणून आलेल्या आणि दख्खनचा वजीर झालेल्या मलिक अंबरच्या पायी तो आपल्या भाषेपर्यंत पोचला. अंबरनं वसवलेलं गाव खडकी, तर त्यातला ‘ड’ काही याच्या जिभेला येईना.

“खरकी नाही हो, खडकी! दगड चावल्यासारखं म्हणा,” मावशी म्हणायची.

बाकी त्याचं बोलणं इंग्रजीतच, मी आपलं माझ्या भाषेत सांगतोय.

पहिल्यांदा आला तेव्हा निघताना फोनवर शिकलेलं मराठी दाखवायला म्हणाला, “जातो.” मावशीनं लाटणंच उगारलं.

“जातो नाही म्हणायचं! येतो म्हणायचं.”

“पण मी तर जातोय.”

“दिसतंय मला. तरी येतो.”

म्हातारा दारातच थांबला. मग म्हणाला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यानं एक दगडी दार बघितलंय, इतकं अरुंद की अंग चोरून जावं लागतं. तिथनं माणसं जहाजावर चढवायचे. “त्या दारात कुणाला ‘येतो’ म्हणता आलं नाही,” म्हणाला.

त्या दिवसापासनं ठरूनच गेलं. निघताना दारात उभा राहायचा, टोपी घालायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, “येतो, मावशी!” मावशी त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण सगळे म्हणतात म्हणून तोही मावशी म्हणायचा. आतनं ती ओरडायची, “या!”

त्या साली युनिव्हर्सिटीनं त्याचं सेंटर बंद केलं. कोर्स गेला, खोली गेली, पुस्तकांची खोकी घरी गॅरेजात येऊन पडली. बोलायला जागाच उरली नाही. तेवढ्यात आमच्या मंडळाचा प्रेसिडेंट गिरीश आपणहून म्हणाला, “सर, आमच्या संडे मराठी शाळेत या. पोरांना मलिक अंबर सांगा.” म्हातारा असा हरखला! आठवडाभर मावशीपुढं ‘मुलांनो, मुलांनो’ चाललेलं.

आणि त्या दिवशी, म्हातारा मेथीची भाजी खात असताना, गिरीश आला. बसला नाही.

“मावशी, दोन डझन पोळ्या.”

“बस की जरा.”

“नको, गाडी चालूच ठेवलीय.”

मग टेबलापाशी गेला. नजर टेबलावरच्या मिठाच्या डबीवर.

“सर, संडेचं जरा... पेरेंट्सचे फोन येतायत. अर्धे लोक व्हिसावर आहेत. सध्याचं वातावरण बघताय ना? असल्या विषयांवर सरकारचा डोळा आहे. कुणी व्हिडिओ काढून टाकला तर... आपण पोस्टपोन करू.”

“कधीपर्यंत?”

गिरीश मराठीतच बोलून गेला, “बघू.”

“हा शब्द मला येतो,” प्रोफेसर म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. “तुमची भीती खोटी नाही, गिरीश. मीही पुष्कळदा घाबरलोय.”

उरलेला घास खाल्ला, हात पुसले, दारात जाऊन टोपी घातली.

“जातो, मावशी.”

लाटणं जागच्या जागी थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, धूर झाला, पण मावशीचा हात काही पुढं होईना. मी डबे भरत होतो, माझ्या हातात झाकण तसंच राहिलं.

पहिला हलला गिरीश. कंपनीत डायरेक्टर आहे, हाताखाली ढीगभर माणसं. पण आईचाच मुलगा ना? घरातनं निघताना ‘जातो’ म्हटलेलं त्या माउलीनं कधी चालवून घेतलं नसणार. धावत पार्किंगमध्ये गेला, आणि झाकण हातात घेऊन मी दारापर्यंत.

“सर, असं म्हणू नका. येतो म्हणा.”

प्रोफेसर गाडीच्या दाराला हात लावून उभा.

“ते एकट्याला म्हणता येत नाही,” तो म्हणाला. “मी ‘येतो’ म्हटलं की आतनं कुणीतरी उत्तर देतं. आज तू कुठलं उत्तर देणार होतास?”

गिरीशच्या खिशातला फोन वाजला, थांबला, परत वाजायला लागला. त्यानं काढून बघितला आणि बंद करून टाकला.

“या,” पुटपुटला.

“काय?”

“या, सर. रविवारी. दहा वाजता.”

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि पुन्हा नीट घातली. मग सामानाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या बायका वळून बघायला लागल्या, एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “येतो!”

दुकानातनं मावशी ओरडली, “या! आणि गिरीश, पोळी करपली रे तुझ्यापायी. तीच बांधते तुला!”

रविवारी हॉल काही भरला नाही. फोन करणारे आलेच नाहीत. पण पुढच्या खुर्च्यांवर पोरं होती, आणि मागं उभा राहून गिरीश स्वतः व्हिडिओ काढत होता. ‘खडकी’ म्हणताना म्हातारा अडखळला, तर सगळी पोरं एकदम ओरडली, “दगड चावल्यासारखं!”

झक्कास होता चहा. अजून डबे पोचवायचेत, निघायला पाहिजे. आता मी दारात जाऊन ‘येतो’ म्हणणार. तेव्हा फोनमध्ये बघत नुसती मान हलवू नका, एवढं करा. मला ऐकू येईल असं ‘या’ म्हणा.