तळ्यावरचा भराव

सरकारने मदतीचा हात दिला म्हणूनच हा रेल्वेमार्ग होत होता, पण अट कडक होती. पाहणीची गाडी शेवटच्या स्टेशनाला जाऊन आजच परत आली नाही, तर मदत बंद, काम बंद आणि मुकादमाच्या टोळीच्या चुलीही बंद.

सकाळपासून मुकादम तळ्यावरच्या भरावाशीच उभा होता. मुदत गाठायच्या घाईत टोळीने तो ओल्या मातीनेच भरला होता. वर खडी पसरली की आत काय आहे ते कोणाला दिसतंय! इंजिनिअरला ठाऊक होतं. "दबेल हळूहळू," एवढंच तो म्हणाला होता, तेही दुसरीकडे बघत.

आणि आज इंजिनावर होता मुकादमाचा जावई.

भरावाअलीकडे गाडी पाणी घ्यायला थांबली, तसा मुकादम इंजिनाशी गेला. "जावईबापू, पुढं जरा बेतानं घ्या."

"मामा, तुमची लेक आधीच म्हणते, मी बैलगाडी हाकतो," जावई हसला. "आज वेग दाखवायचा हुकूम आहे."

"हुकूम देणारा मागं बसतो, बापू. पुढं तुम्ही असता."

जावयाचं हसू मावळलं. पण हुकूम तो हुकूम.

मुकादमाला दुसरं काही सुचेना. हिरवं निशाण घेऊन तो थेट रुळांमध्ये उतरला आणि मिरवणुकीपुढे चालावं तसा इंजिनापुढे चालू लागला. झक मारत गाडीही त्याच्या चालीने निघाली. डब्यात बसलेल्या पाहणीच्या साहेबांना वाटलं, आपला मान राखला जातोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमाच्या पायाखालची खडी कुरकुरत होती. मागे वळून बघायची त्याची छाती होईना.

भराव संपला.

"वा, मुकादम!" साहेबांनी खिडकीतून डोकं काढलं. "येताना मात्र सुसाट येऊ!"

गाडी गेली. मुकादम वळला. एका बाजूचा रूळ वीतभर खचला होता.

इंजिनिअर धावत आला, बघून रुळाशीच खाली बसला. "आता गाडी अडवली तर मदत गेली."

"आणि नाही अडवली तर, साहेब?"

टोळीतली माणसं लांब उभी राहून बघत होती. त्यांच्याकडे बघायचं मुकादमाने टाळलं. बऱ्याच वेळाने लांबून शिट्टी ऐकू आली. त्याने लाल निशाण उचललं, पण ते छातीपर्यंतच आलं.

इंजिनिअर उठला आणि त्याने काठीला हात लावला. "उंच धरा, मुकादम. वळणावरून दिसलं पाहिजे."