मुलुंडच्या टेकडीवरची एक्केचाळीस घरं

"माझा घर खंय गेला, ता दाखवा माका! तोवर मी हयसून हलूचंय नाय!"

आमच्या अंधेरीच्या नकाशा-ऑफिसच्या दारात ती बाई फतकल मारून बसली होती. शिपाई काशीराम तिला उठवून उठवून दमला, तेव्हा मीच टेबलावरून उठले. तिचं नाव विमला. हातात नोटीस. मुलुंडच्या टेकडीवरची त्यांची एक्केचाळीस घरं पाडणार होते, त्याआधी एक सुनावणी होती. कारण काय, तर ब्याऐंशीच्या डिसेंबरात विमानातून फोटो काढले, त्यावरून नकाशा झाला, आणि त्या नकाशात ती जागा मोकळी होती. नुसती झुडपं. म्हणजे घरं नंतर घुसवलेली.

"धा वर्सां झाली थय ऱ्हावान," विमला म्हणाली. "माझो झील थयच जन्माक इलो. तुमचो फोटो आंधळो हा काय?"

फोटो आंधळा नव्हता. तो नकाशा मी काढला होता.

हे मी तिला सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, हिंमतच झाली नाही. एकोणीस वर्षांत प्रेमा घाडीच्या नकाशात एक दुरुस्ती निघाली नव्हती, आणि त्याचा मला माज होता.

"छप्पर कसलं गं तुमचं?" मी विचारलं.

"पत्र्याचा. पण पत्रो तापता म्हणान सगळ्यांनी वर दुधयाचे येल सोडलेत."

माझ्या आईनं कणकवलीला जन्मभर छपरावर वेल चढवले. आणि तिच्या लेकीनं वरून हिरवं दिसलं की लिहिलं झुडूप!

विमलाला चहा देऊन बसवलं आणि कपाटातून फोटो काढले. विमान पुढे सरकता सरकता एकाच जागेचे दोन फोटो घेतं. ते शेजारी ठेवून आमच्या दुहेरी भिंगातून पाहिले, की जमीन उठून उभी राहते. टेकडी उभी राहिली. फोटोच्या कडेला विमानातल्या घड्याळाचा छाप होता, सकाळचे नऊ चाळीस. त्या वेळी सावल्या लांब पडतात. झुडपाची सावली फाटकी असते. इथे सरळ कडेच्या, काटकोनातल्या सावल्या होत्या. मी मोजल्या. एक्केचाळीस. नकाशा काढताना मी सावल्या पाहिल्याच नव्हत्या. मार्चअखेरचं काम होतं, घाईत उरकलं होतं.

तशीच कर्णिकसाहेबांकडे गेले. मार्तंड कर्णिक आमचे प्रमुख, माणूस वाईट नाही, पण फाईल हलली की त्यांना घाम फुटतो.

"प्रेमाबाई, नकाशा छापून गेला. आता काय उकरून काढताय?"

"चूक उकरून काढतेय. माझी."

"हेड ड्राफ्ट्समनसाठी तुमचं नाव मी स्वतः पाठवलंय. ही दुरुस्ती वर गेली की संपलं. वर मेमो मिळेल."

"मिळू दे."

"अहो, तुमची कोण लागते ती बाई?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय साहेब? माझ्या रेघेनं तिचं घर पडणार आणि मी वरच्या खुर्चीत बसू? मला नाही झोप लागायची."

"फोटो गोपनीय आहेत. माझ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाहीत."

"नका देऊ सही. सुनावणीत मी सांगेन, फोटो कर्णिकसाहेबांच्या कपाटात आहेत. मग ते तुमच्याकडूनच मागवतील."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण फिरवत बसले. मग सही केली. "निदान दुरुस्ती पेन्सिलीनं दाखवा, पुसता तरी येईल," म्हणाले.

मी शाईनं काढली. मूळ नकाशावरची झुडपं ब्लेडनं खरवडली आणि तिथे एकेक घर, एकेक कोपरा सावलीवरून ताडून, काढत गेले. दोन दिवस लागले. शेजारच्या टेबलावरची क्षमा म्हणाली, "वेडी आहेस का गं? स्वतःची वाट लावतेयस." मी म्हटलं, "लागू दे. माझीच आहे ना?"

सुनावणीच्या दिवशी विमला टेकडीवरच्या चार बायकांना घेऊन आली होती. मला पाहताच बाकावर सरकली, जागा करून दिली. "आमची ताई," तिनं बायकांना सांगितलं. पिशवीतून दुधी काढून माझ्या मांडीवर ठेवला. मला तो परत करता येईना आणि धरवेनाही.

अधिकाऱ्यानं आधी मी मांडलेल्या फोटोंकडे आणि भिंगाकडे संशयानंच पाहिलं. मग वाकला. भिंग जरासं सरकवलं. मग त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि बोट हवेतच थांबलं, एखाद्या छपराला लावायला जावं तसं.

"घरं आहेत," तो म्हणाला. "चक्क घरं आहेत की इथे!"

विमलानं माझा हात गच्च धरला.

अधिकाऱ्यानं मान वर केली. आवाज चढला होता. "या माणसांना नोटिसा गेल्यात. झुडपं कुणी लिहिली? कुणाची चूक ही?"

भिंतीशी बसलेले कर्णिकसाहेब माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते. बोलू नका. ऑफिसचं नाव सांगा, खातं सांगा, भागेल.

मी विमलाच्या हातातून हात सोडवला. दुधी बाकावर ठेवला. उभी राहिले.

"माझी," मी म्हटलं. "प्रेमा घाडी. ड्राफ्ट्समन. लिहून घ्या."

विमला खालून माझ्याकडे पाहत होती. मी नजर चुकवली नाही.