पेडलांचा क्रम

बोटं आखडली तरी माणसाचा ताठा काही आखडत नाही. मामाचं तेच झालं होतं. बावीस वर्षं एकाच बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवली, आता संधिवातानं करंगळी वाकेना, आणि बँडच्या गायकानं तोंडावर सांगितलं, "यापुढे तुझी भाची वाजवेल. गिटारचा आवाज मात्र तुझाच हवा हं, तेवढा तिला शिकव."

म्हणजे खुर्ची सोडायची, आणि वर ती पुसूनही द्यायची! मामा मनातल्या मनात चडफडला.

तो आवाज हीच त्याची उभ्या जन्माची कमाई. पायाशी दोन पेडलं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या डब्या. आधी कॉम्प्रेसर: जोरात छेडलेला सूर तो दाबतो, हलका उचलतो, सगळ्यांना एका उंचीवर आणतो. मग डिस्टॉर्शन, जो त्या सुरांना खरखरीत, फाटका करतो. क्रम उलटा लावला, तर कॉम्प्रेसर ती खरखरही उचलून वर आणतो, आणि हात थांबला की स्पीकर नुसता फसफसत बसतो.

भाची वही घेऊन आली. पोरगी गुणी. पहिली तार तिनं मामाच्या मांडीवर बसून छेडली होती. तिच्यावर त्याचा राग नव्हताच, पण गायकापुढे तोंड उघडायची हिंमत नसली की राग घरच्यांवर निघतो.

"आधी डिस्टॉर्शन," मामा म्हणाला, "मागून कॉम्प्रेसर. बटण पार शेवटपर्यंत फिरवायचं."

"पण तू तर उलट लावतोस ना?"

"ते माझ्या म्हाताऱ्या बोटांसाठी गं. तुला कशाला?"

तिनं निमूटपणे लिहून घेतलं.

तालमीला मामा मुद्दाम गेला. फजिती बघायची होती, दुसरं काय! पहिल्याच ओळीनंतर स्पीकर फसफसला. गायकानं कपाळाला आठ्या घातल्या. मामा खुर्चीत सावरून बसला.

पोरीनं मात्र डोकं चालवलं. वाजवायचं नसेल तिथे पायानं डिस्टॉर्शन बंद करायचं, आणि वाजवताना सूर सोडायचाच नाही. शेवटच्या कडव्यात तिनं एकच सूर धरला. तो विरेचना; विरत आला की मागचा कॉम्प्रेसर त्याला पुन्हा वर उचलत होता. फाटका, भरलेला, गाणं संपलं तरी चालूच. ड्रमवाला काठ्या हातात धरून ऐकत राहिला.

"हाच!" गायक ओरडला. "इतकी वर्षं मी हाच आवाज शोधत होतो! कुणी शिकवलं तुला?"

"मामानं," भाची कौतुकानं म्हणाली. "शब्दन् शब्द त्याचाच."

गायक वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला होता.

"मग बावीस वर्षं आमच्यापासून लपवून का ठेवलास?"

मामाकडे खरं उत्तर एकच होतं: लपवलं नाही, पोरीचं वाटोळं करायला खोटं सांगितलं. भाची हसऱ्या चेहऱ्यानं त्याच्याकडेच बघत होती.

"हो," मामा म्हणाला, "लपवलं."

म्हणजे ती म्हाताऱ्या बोटांची गोष्ट खोटी! तिचं हसू तिथेच थांबलं.