मालकांनी काळीज झाडायला काढलं

आमच्या मालकांनी काळीज झाडायला घेतलं तेव्हा त्यातनं आधी म्हैस बाहेर पडली.

मालक म्हणजे माझा नवरा. पडवीत बसून त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली. छातीच्या डाव्या अंगाला कोंबड्यांच्या खुराड्याला असतं तेवढं दार होतं, ते उघडलं, आणि म्हैस आली. आधी पुढचे पाय, मग तोंड, वासरू जन्मतं तशी. मी लगेच ओळखली. हे लहान असताना मेलेली ही म्हैस, हिच्या दुधाचं कौतुक मला लग्नापासून ऐकवलेलं. तिनं सरळ माझ्या वाळवणाच्या गव्हात तोंड घातलं.

हे खूळ मुर्शदाचं, म्हणजे त्यांच्या गुरूचं. दर्ग्याच्या ओट्यावर बसून तो प्रेमाची कवनं म्हणायचा. यार, म्हणजे अल्ला, एकटा येतो, आत गर्दी दिसली की उंबऱ्यावरनं माघारी फिरतो, म्हणून काळजाचं घर मोकळं ठेवा, असलं काहीतरी. बाकीचे पुरुष माना डोलवायचे आणि घरी येऊन जेवायचे. आमच्या माणसानं ते खरं धरलं. ईदच्या आधी मी घर झाडते तसं हे काळीज झाडायला बसले.

म्हशीमागनं त्यांचा थोरला भाऊ निघाला, दुधाचे दात पडायच्या वयाचा. मग चिंचेचं झाड, मुळाच्या मातीसकट. मग माझी सासू. मरून वर्षं लोटली होती तिला, पण बाहेर आली तशी चुलीकडं गेली आणि कालवणात एवढं तेल कोण ओततं म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, तुमचा लेक चाटूनपुसून खातो म्हणून ओतते. गप्प बसली नाही. जिवंतपणी तरी कुठं बसत होती.

निघालेलं परत आत जात नव्हतं. म्हशीला मी ढकलून बघितलं. अंगण भरलं, पडवी भरली, मग माजघर. आमची पोरं निघाली, रांगती. थोरला इलाही रानातनं आला, दारात स्वतःलाच रांगताना बघितलं आणि म्हणाला, "अब्बांनी मलापण काढलं?" सून बेगमा त्या रांगत्या इलाहीला कडेवर घेऊन उभी राहिली, कारण खाली ठेवायला जागा नव्हती.

मग हिरव्या बांगड्यांची एक पोरगी निघाली. तिला मी ओळखत नव्हते. मालकांनी नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सासू मात्र तिच्याशी गोड बोलली.

"अम्मा," बेगमा म्हणाली, "तुम्ही कधी निघणार?"

तिच्या मनात वाईट नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. म्हैस होती, चिंच होती, ती बांगड्यांची होती. मी होते की नव्हते, एवढंच मला बघायचं होतं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

मुर्शद म्हशीच्या पोटाखालनं वाकत आला. त्यानं मालकांच्या छातीला कान लावला आणि म्हणाला, आत अजून एकजण आहे, आणि यार तर फाटकाशी येऊन थांबलाय. मी फाटकाकडं बघितलं. कुणी नव्हतं. पण आमची कुत्री शेपटी हलवत होती.

"हुरमत," मालक म्हणाले. त्यांचा आवाज रिकाम्या रांजणातनं यावा तसा आला. "तूच सांग तिला. माझं ऐकत नाही ती."

मी छातीच्या दारातनं आत बघितलं. लांबलचक खोली, स्वच्छ सारवलेली. पार टोकाला पाठमोरी बाई जातं फिरवत होती. चोळीला माझंच ठिगळ.

मुर्शद म्हणाला, "हुरमतबी, हाक मारा. प्रेमात दोघांना जागा नसते."

"ज्यानं कधी चार माणसांना एका खोलीत निजवलं नाही, त्यानं मला जागा शिकवू नये," मी म्हटलं. "तुमच्या याराला सांगा, आत बाईमाणूस आहे."

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं वय झालं गं. एकदा त्याला येऊ दे."

"आणि मी?"

"तू बाहेर आहेसच की."

जन्मभराच्या संसारात हा माणूस इतकं सरळ कधी बोलला नव्हता. मी पदर खोचला आणि डोकं घालून आत शिरले. दार मागनं ओढून घेतलं.

चालावं तशी खोली लांबत होती. मी शिव्या देत चालले, तेव्हा कुठं ती लांबायची थांबली. त्या बाईनं मागं वळून बघितलं नाही. सरकून तिनं मला समोर जागा केली. जात्यात दाणा नव्हता. मी पाय पसरून बसले आणि तिच्या हाताखाली खुंटा धरला. पहिल्याच फेऱ्याला पीठ पडलं, गरम.

दारावर टकटक झाली. मालकांची नव्हती, त्यांची मला माहीत आहे. तिनं माझ्याकडं बघितलं.

"फिरव," मी म्हटलं.

दाराच्या फटीतनं उजेड आत आला आणि जमिनीवरनं सरकत आमच्याकडं निघाला. पिठाला लागायच्या आत मी पाय लांब केला आणि टाचेनं तो तिथंच दाबून धरला.