बरणीतली दरी

ज्या घरात माणूस जातं, तिथं साठवणीचं पाणी ठेवत नाहीत. गोपाळकृष्ण मास्तरांना घेऊन मंडळी बाहेर पडली आणि इकडे मैनाबाईनं हंडे, कळशा, रांजण सगळं मोरीत उपडं केलं. मग ती मास्तरांच्या खोलीत शिरली आणि खिडकीतली काचेची बरणी तिनं दोन्ही हातांनी उचलली.

"ठेव ती! मैनाबाई, खाली ठेव!"

मास्तरांची लेक चारुशीला अशी ओरडली की दुर्गाआत्या अंगणातून धावत आल्या.

"पानीच हाय ना वो ताई त्याच्यात?" मैनाबाई गांगरली. बरणी जपून टेकवून तिनं आत डोकावलं. "अन हे झाडं कोनं लावले वो?"

झाडंच होती ती. मास्तरांनी अमरावतीत तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. काच पातळ करावी तसा एक पाक असतो. त्यात मोरचुदाचे, हिराकसाचे खडे सोडले की त्यांना कोंब फुटतात आणि बघता बघता फांद्या वर चढतात. बी नाही, जीव नाही, तरी वाढ. मुलांना ती जादू वाटे. मास्तरांना मात्र त्यातून चित्र काढायचं होतं. चिमट्यानं एकेक खडा जागेवर ठेवून त्यांनी या वेळी चिखलदऱ्याची दरी उभी केली होती: हिरवे कडे, खाली निळी रानं. "मी फक्त जागा ठरवतो," ते म्हणत. "चित्र ते आपले आपण काढतात."

पण ते टिकवायचं तर आठवड्याभरात पाक काढून त्या जागी साधं पाणी भरावं लागे. नाहीतर सगळं पांढरं, गढूळ होऊन जाई. तळाशी रबरी नळी लावून रोज वाटीभर पाक काढायचा आणि वरून तेवढंच पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. आजारपणात भेटायला आलेल्या लेकीला त्यांनी उशीला टेकून हे शिकवलं. पहिली वाटी त्यांच्या देखत झाली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

पुढचे तीन दिवस चारुशीलानं तीन वाट्या केल्या. आणखी तीन राहिल्या होत्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी अकोल्याहून वामनराव, तिचे धाकटे दीर, टांगा घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, वेळ वाईट आहे, कळतं मला. पण महालक्ष्म्या परवा बसायच्या. आई म्हणते, थोरल्या सुनेशिवाय बसवायच्या कशा? तुमचं सुतकही फिटलं."

फिटलंच होतं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस, लेकाला दहा. शास्त्रानं मरणाच्या अशा वाटण्या करून ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी न्हाऊन तिनं दुसऱ्याच्या घरच्या देवी हसतमुखानं बसवायच्या.

"तीन दिवस थांबू द्या मला."

"मी कोण थांबू देणार?" वामनराव जमिनीकडे बघत म्हणाले.

"अगं, घेऊन जा ती बरणी मांडीवर," आत्या म्हणाल्या.

"बडनेऱ्याला गाडी बदलायची, आत्या. गाडीचं सोडा, टांग्याच्या पहिल्याच धक्क्याला दरी खाली बसेल."

"मग राहू दे. काचेतली झाडं ती. माणूस गेलं तिथं!"

चारुशीला आत वळली. मास्तरांच्या खोलीत दिव्यापाशी हरिहर घोंगडीवर बसला होता. थोरला भाऊ, वकील. बापाच्या बरण्यांना तो उघड उघड गारुड्याचा खेळ म्हणायचा.

"दादा, दहाव्यापर्यंत तुला इथून हलता येत नाही ना?"

"नाही. का?"

"मग ही नळी धर."

त्यानं नळीकडे पाहिलं, मग बरणीकडे. "माझ्या हातून काही मोडलं, तर जन्मभर ऐकवशील."

"ऐकवेन."

"कर्त्यानं सुतकात असले खेळ करायचे?" आत्या दारातून म्हणाल्या.

"गुरुजी सांगतात तेव्हा पाणी सोडतोच आहे, आत्या," हरिहर म्हणाला. "बाबांनीही एवढंच मागितलं होतं म्हणा."

आत्या अंगणात परतल्या.

त्याच्या हातून पाण्याचे पहिलेच थेंब भरभर पडले. निळी एक फांदी थरथरली, तुटली आणि हळूहळू गिरक्या घेत तळाशी गेली. हरिहरचा हात थांबला. लहानपणी पाटी फुटल्यावर बघायचा तसा तो बहिणीकडे बघू लागला.

"थांबू नकोस," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या मनगटाखाली आपला हात धरला.

बाहेर वामनरावांनी दोनदा खाकरून झालं. तिनं हात काढून घेतला. थेंब आता एकेक पडत होते.

"उद्या किती?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"वाटीभर. घाई करू नकोस."

टांगा वळला तेव्हा खिडकीत भावाचं मुंडन केलेलं डोकं दिसलं, खाली वाकलेलं. बरणी तिथून दिसत नव्हती.