सहा वाजेपर्यंत मावशी

"मावशी, अजून वरण," खुशी म्हणाली आणि माझ्या आईच्या हातातला पाण्याचा गिलास तोंडाशी जाता जाता थांबला.

आई सकाळच्या एसटीनं चांदूर बाजारहून अमरावतीला आली होती. पिशवीत मळ्यातली वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि नातींसाठी संत्री. ती खुर्चीवर बसली होती आणि समोर सतरंजीवर अकरा मुलं पंगतीनं जेवत होती. त्यातली दहा लोकांची. निळ्या फ्रॉकातली, साडेचार वर्षांची अकरावी, खुशी, तेवढी माझी.

"कोनाले मावशी म्हनून राह्यली व थे?" आईनं विचारलं.

"मले."

"बाप्पा! अन् तू ऐकून घेऊन राह्यली?"

मी खुशीला वरण वाढलं. एक पळी. सगळ्यांना एकच पळी, मागितली तर दुसरी. नियम माझाच.

नियम करणं हे माझं नऊ वर्षांचं काम. नांदगाव पेठच्या एका कापड कंपनीत मी एचआरमध्ये होते. कॅन्टीनमध्ये कोणी कुठे बसायचं, बस कोणासाठी किती मिनिटं थांबायची, सगळं माझ्या सहीनं ठरायचं. सकाळी साडेसातला घर सोडायचं, परतायला संध्याकाळचे सात. मुली शेजारच्या काकूंकडे. एकदा खुशीला ताप आला. मी धावतपळत घरी आले, तिला कडेवर घेतलं, तर ती रडत काकूंकडे झेपावली. त्या महिन्यात मी राजीनामा दिला. साहेबांनी केक कापला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं.

पाळणाघराची कल्पना माझीच होती. आमचे हे, मनोज, औषध कंपनीच्या कामानं आठवड्यातले चार दिवस अकोला-वाशीमकडे फिरतीवर. ते म्हणाले, "चांगलं आहे, एका दगडात दोन पक्षी. धंदाही होईल अन् पोरीही डोळ्यांपुढं राहतील." डोळ्यांपुढं राहिल्या, यात काही खोटं नाही.

दुसऱ्या महिन्यात प्रतीक्षा मॅडम बोलल्या. त्या बँकेत आहेत, त्यांचा अद्वैत माझ्याकडे असतो. "तसं काही नाही हो, पण अद्वैत घरी येऊन रडते. म्हणते, मावशी खुशीलेच मांडीवर घेते." पुढच्या सोमवारी दोन मुलं यायची बंद झाली. मग मी कंपनीत बसायचे तशीच नियम करायला बसले. खुशीला समोर घेतलं आणि समजावलं, सहा वाजेपर्यंत मी सगळ्यांची मावशी. सहानंतर तुझी आई. तोवर मांडी नाही, आई म्हणून हाक नाही. तिनं इतरांसारखं दप्तर आणायचं, इतरांसारखं आपल्या चटईवर झोपायचं.

सात दिवस ती माझ्या कुर्त्याचं टोक धरून रडली. मी तिची बोटं एकेक करून सोडवत होते. आठव्या दिवशी ती रडली नाही. पोरगी शहाणी झाली, असं मी मनोजना फोनवर सांगितलं.

सहानंतरची आई मात्र कणीक मळत असायची, सतरंज्या झाडत असायची, थोरल्या, तिसरीतल्या स्वरालीचे पाढे घेत असायची, पालकांचे फोन घेत असायची. खुशी जेवता जेवता झोपून जायची. सहा महिने असेच गेले.

मुलं झोपल्यावर आई स्वयंपाकघरात आली. वांगी चिरायला बसली, पण विळीवर तिचा हात चालेना.

"एक सांग मले रागिणी. थे नोकरी तू काहून सोडली?"

"खुशीसाठी."

"मंग?"

मी कोथिंबीर निवडायला घेतली.

"मी मंडीत बसत होती तवा तू माह्या मांडीवर राहे. एक हात तुह्या पाठीवर अन् एक तराजूले. तू मुतली तरी तशीच बसून राहे मी. गिऱ्हाईक नाक मुरडे, मुरडू दे. कोनं वांगे घेतले नाई असं कदी झालं नाई. तुमचं शिकलेल्या लोकायचं काय चाललं, मले समजत नाई बापा."

"तिथं फक्त तुझंच लेकरू होतं, आई. इथं दहा आहेत लोकांची."

"म्हनून आपलं अकरावं करा लागते काय?"

मला राग यायला हवा होता. रडू तरी यायला हवं होतं. दंतवैद्यानं सुई दिल्यावर गालाचं होतं तसं माझं झालं होतं. बोट लावलं तर कळत होतं की बोट लावलंय, एवढंच. मी उठून दूध तापत ठेवलं.

पाचपासून पालक येऊ लागले. मदतीला येणारी मैना एकेकाला बूट घालून पायरीवर बसवत होती. फाटक वाजलं की तिथून एक पोर उठायचं, ओरडत धावायचं. सर्वांत शेवटी प्रतीक्षा मॅडम आल्या. अद्वैतला उचललं, त्याच्या केसांत नाक खुपसलं, उद्या जरा उशीर होईल म्हणाल्या. मैनाही गेली. मी सतरंज्या गोळा करायला लागले.

खुशी पायरीवर बसली होती. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, बूट उलटसुलट पायांत. तोंड फाटकाकडे.

"खुशी, बूट काढ. सहा वाजले."

"हो. आता आई येईल मला घ्यायला."

"मी आहे ना इथं."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. रुसवा नव्हता, खेळही नव्हता. मोठ्या माणसाला समजत नाही तेव्हा मुलं जसं सांगतात, तसं तिनं मला हळूच सांगितलं, "तू मावशी आहेस. सगळ्यांच्या आया बाहेरून येतात."

दारात उभ्या असलेल्या आईनं पदर तोंडाला लावला.

मी सतरंजी खाली ठेवली. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पडले. धुण्याच्या दगडाजवळून, भिंतीच्या आणि घराच्या मधल्या बोळातून पुढे आले. फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले आणि कडी वाजवली.

"खुशीला न्यायला आलेय," मी म्हणाले. आवाज माझाच होता.

खुशी ओरडली नाही, पण धावत आली. माझं बोट धरलं. मग मागे वळून तिनं रिकाम्या खोलीकडे हात हलवला.

"बाय, मावशी."

आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. ती दिवसभरात काय काय झालं ते मला सांगत होती, वरणाचंही सांगितलं. मी हो, हो म्हणत होते. घर मागेच राहिलं होतं आणि पुढे कुठे न्यायचं ते मला सुचत नव्हतं.