जुन्या आवृत्तीची सूची

मास्तरणीने खुर्ची पुढे ओढली आणि जुन्या आवृत्तीचा कोड उघडला. दोन वर्षांपूर्वी तिने त्याला रामराम ठोकला होता. काहीही समजावून सांगायची हौस, म्हणून ऑफिसात तिला 'मास्तरीण' हे नाव चिकटलं होतं.

सॉफ्टवेअर रक्तपेढ्यांसाठी होतं. रक्ताची पिशवी कुठून आली, कुणाला गेली, ही प्रत्येक नोंद ब्लॉकचेनमध्ये, एकमेकींत अडकवलेल्या नोंदींच्या साखळीत, अशी गुंफली जाई, की मागाहून कुणाला खाडाखोड करता येऊ नये. खोट एकच. पिशवी शोधायची तर सगळी साखळी पहिल्या कडीपासून चाळावी लागे. नव्या आवृत्तीत तिने डेटाबेसला इंडेक्स जोडला होता, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा. पण ही नवी आवृत्ती रक्तपेढ्यांच्या जुन्या संगणकांना पेलत नव्हती.

सकाळी एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ ताईंचा फोन आला होता. रक्त चढवताना एका रुग्णाला थंडी वाजून ताप भरला. त्याच दात्याच्या बाकीच्या पिशव्या थांबवायच्या होत्या, पण शोध संपेपर्यंत त्यातली एक वॉर्डात दुसऱ्या पेशंटला लागलीसुद्धा.

"नशीब, त्या पेशंटला काही झालं नाही," ताई म्हणाल्या. "पण दर वेळी नशीब कुठून आणू, मॅडम?"

साहेब तिच्या टेबलाशी येऊन थांबले.

"जुन्यातच इंडेक्स दिलास तर नवी कोण घेईल? आपल्याच पायावर धोंडा."

"नवी माझीच आहे, साहेब."

"म्हणूनच म्हणतोय."

तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "चाचणीला त्यांच्यासारखाच जुना संगणक लागेल."

साहेबांनी तिच्या स्क्रीनवरचा जुना कोड पाहिला. मग "अडगळीत बघतो" म्हणून गेले.

काम वाटलं तितकं सरळ नव्हतं. नव्या इंडेक्समधला तिचा लाडका भाग जुन्यात बसेना, तो कापावा लागला. पहिल्याच चाचणीत असलेली पिशवी 'नाही' म्हणून दिसली. सूची तयार होत असताना आलेल्या नोंदी सुटत होत्या. उशिरा का होईना, खरं सांगणारा शोध याहून बरा होता. तिने सगळं उसवलं आणि नव्याने शिवलं.

पुढच्या आठवड्यात ताईंनी फोन चालू ठेवूनच एका पिशवीचा नंबर टाकला.

"थांबा हं, काहीतरी चुकलंय. लगेच आलं."

"चुकलं नाही, ताई."

ताईंनी आणखी दोन नंबर टाकले आणि मोठ्याने हसल्या. "म्हणजे आता आम्हाला नवी आवृत्ती नको! तुमचे लोक सारखे मागे लागले होते."

"हो," मास्तरीण म्हणाली. "आता नको."

"कुणीतरी बनवली असेल ना पण, मेहनतीने?"

खिडकीखाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"एक अगदी जुना नंबर टाकून बघा," ती म्हणाली. "पहिल्या वर्षातला."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला.

"सापडला," ताई म्हणाल्या.